मातीचं दुकान

लग्न होऊन सासरी आले त्याच्या तिसऱ्याच दिवशी माझी चांगली फजिती झाली. सासऱ्यांनी सकाळी भाकरीवर तूप मागितलं. फळीवर वनस्पती तुपाचा डबा दिसत होता, चौकोनी, पिवळसर, पुढच्या अंगाला झाडाचं चित्र काढलेला. मी टाचा उंचावून तो ओढला तर हाताला खरखरीत लागला आणि वजनाला भलताच निघाला. डबा मातीचा होता. झाकण उघडायला गेले तर तेही उघडेना, कारण झाकण नुसतं दाखवायला होतं. मागं चुलीपाशी माझी नणंद बसली होती. ती हसली असती तर मी तो डबा तिथंच आपटला असता, इतका तेव्हा माझा राग नाकावर असे. पण ती हसली नाही. उठून आली, माझ्या हातातून डबा घेतला आणि पदरानं पुसून जागेवर ठेवला.

"जपून, वैनी," ती म्हणाली. "दुकानातला हाय त्यो."

कुठलं दुकान, मला काही कळेना. भाटघर धरणाच्या काठाला आमची वस्ती, कुंभारांची दोन घरं आणि बाकी सगळे शेतकरी. चहाची पूड संपली तर भोरचा बाजार गाठावा लागे. दुकान कसलं नि काय कसलं. मग मी फळी नीट बघितली. डब्याशेजारी चहाचा पुडा होता, त्यावर कपबशी. घोड्याचं चित्र असलेली काडेपेटी होती. साबणाच्या तीन वड्या होत्या, वरच्या वडीवर केस सोडलेली बाई. बिस्किटांचा डबा, उदबत्तीचा पुडा. सगळं मातीचं, भाजलेलं, वरून रंगवलेलं. आणि खाली जमिनीवर, फळीची राखण करत असल्यासारखं, एक मातीचं कुत्रं बसलं होतं. एक मांजर पोत्यावर झोपलं होतं. पोतंही मातीचंच.

नवऱ्याला विचारलं तेव्हा त्यानं मान खाली घालून दोन वाक्यांत सांगितलं. ते दुकान शिवऱ्याचं होतं. माझी नणंद तिथं दिलेली होती. तिचा नवरा तापानं गेला, आणि तिची मुलगी तिथंच राहिली.

माझं माहेर शिवऱ्याचंच. ते दुकान मला माहीत होतं, हमरस्त्याला लागून होतं. दुकानवाले आमच्यातलेच, पण दोन पिढ्यांपूर्वी चाक सोडून किराणा मांडलेले. त्यामुळं मातीचं नाव काढलं की त्यांना जरा कमीपणा वाटे. लहानपणी मी तिथं गूळ आणायला जायची, तेव्हा आतल्या दारातून एक हात यायचा आणि सासूला काही तरी देऊन परत जायचा. तो हात माझ्या नणंदेचा होता, हे मला सासरी आल्यावर कळलं.

झालं असं होतं. नवरा गेल्यावर तिच्या सासूनं तिला सांगितलं, बापाकडं महिनाभर जाऊन ये, जरा सावरशील, पोर उन्हातान्हाची कशाला नेतेस, राहू दे इथंच. मुलगी तेव्हा दोन वर्षांची. महिना झाला, न्यायला कुणी आलं नाही. दुसरा झाला. आमच्यात रीत अशी, की न्यायला माणूस आल्याशिवाय लेकीला सासरी पाठवायचं नाही. आपणहून गेली तर ती जन्मभर खाली मान घालून राहणार. माझे सासरे या रीतीला असे धरून बसले होते, की तीन वर्षं झाली तरी हलले नाहीत. "त्यांनी माणूस धाडावं," एवढंच म्हणायचे. रात्रंदिवस त्यांना लेकीचं वाईट वाटत होतं, पण वाईट वाटणं वेगळं आणि उंबरा ओलांडणं वेगळं. मला तेव्हा त्यांचा फार संताप यायचा. आता तितका येत नाही.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारलेल्या. त्यामुळं घरात बायका आम्ही दोघीच, मी आणि वन्सं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी मागं सरलं की काठची गाळाची माती आम्ही पाटीनं वाहून आणायचो. माती तुडवायची, खडे वेचायचे, राख आणि लीद मिसळायची, हे बायकांचं काम. चाकाला मात्र बाईनं हात लावायचा नाही. चुली, चुलीला जोडायची वैलं आणि बेंदराचे बैल ही हातानं करायची कामं बायकांकडं. ज्याच्या दावणीला बैल नाही त्यानं बेंदराला मातीचा बैल पुजायचा, म्हणून दरवर्षी आम्ही घरोघर बैल द्यायचो, आणि गावात वन्संच्या हातचे बैल लोक मागून घ्यायचे. वशिंड असं काढायची, की हात फिरवावासा वाटे.

दुकान तिनं त्याच हातानं उभं केलं होतं. भाकरी थापावी तशी माती थापायची, सुरीनं सरळ कापायची, चार बाजू आणि तळ ओल्या मातीनं जोडायचा. सासरे बाजूला बसून बघायचे आणि कुरकुरायचे. चौकोनी काही चाकावर येत नाही, त्यामुळं त्यांच्या सगळ्या जन्माच्या कसबाला ते बाहेरचं होतं. पहिला तुपाचा डबा तिनं केला तो माझ्या लग्नाआधी, पण त्याची गोष्ट मी इतक्या वेळा ऐकली, की बघितल्यासारखी सांगू शकते. पोकळ वस्तूला कुठंतरी भोक ठेवावं लागतं, नाहीतर भाजताना आतली वाफ ती फोडते. हे कुंभाराच्या घरात रांगणाऱ्या पोरालाही ठाऊक. वन्संलाही ठाऊक होतं. पण दुकानातला डबा चारी बाजूंनी बंद असतो, भोकाचा डबा कोण घेईल, असं म्हणून तिनं तो बंदच ठेवला. मडकी भाजायचा आवा पेटल्यावर डबा फुटला आणि शेजारची चार मडकी घेऊन गेला. सासरे तिला रागावले नाहीत. पुढच्या खेपेला तिनं डबा वाळत ठेवला, तेव्हा त्यांनीच तो उलटा केला आणि तळाला बाभळीच्या काट्यानं भोक पाडलं. आव्यात त्या वस्तूंना ते मधली जागा द्यायचे, जिथं आच सगळीकडून सारखी लागते. बाजारच्या मडक्यांना कडेची जागा.

रंग गेरू, चुना आणि काजळी एवढेच. पिवळ्यासाठी ती हळद पाण्यात कालवून बघायची, ती चार दिवसांत उडायची, मग पुन्हा लावायची. हिरवा काही साधेना, म्हणून डब्यावरचं झाड काळंच राहिलं. तिला वाचता येत नव्हतं. पुड्यावरची अक्षरं ती चित्र काढावं तशी काढायची, आठवतील तशी. मी सातवी शिकलेली, म्हणजे स्वतःला शहाणी समजणारी. मी म्हटलं, द्या, मी नीट लिहून देते. ती नको म्हणाली. तिथं असंच दिसतं, म्हणाली.

हे सगळं कशासाठी, ते मी एकदा तोंडावरच विचारलं. आम्ही माती तुडवत होतो. तिनं पाय न थांबवता सांगितलं, की मुलगी कधी ना कधी इथं येईल. परक्या घरात आलं म्हणून ती रडायला नको. आली, की तिला आपलं दुकान दिसावं, आपलं कुत्रं दिसावं. मग ती आपल्याकडं बघेल.

"मला इसरली नसंल ना वो?" असं तिनं मला विचारलं. माझ्याहून आठ वर्षांनी मोठी बाई, आणि मला विचारत होती.

पहिल्या पंचमीला मी माहेरी गेले. दुसऱ्याच दिवशी पावशेर गुळाचं निमित्त करून दुकानात गेले. मुलगी पाच वर्षांची झाली होती. साखरेच्या पोत्यावर बसून पाय हलवत होती, डोळे हुबेहूब वन्संचे. पायरीशी एक तांबडं कुत्रं पडलं होतं. आजी तराजू धरून होती. माझी जीभ कधी जागेवर राहिलेली नाही. मी मुलीला विचारलं, आईची आठवण येते का गं? तिनं आधी आजीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कुठली आय?" ती म्हणाली. हट्टानं नाही, रागानं नाही, खरंच माहिती नसावी तशी.

आजीनं गूळ पुडीत बांधला, पुडीवर दोरा गुंडाळला, गुंडाळतच राहिली. मी बाहेर पडले.

परत आले तेव्हा वन्संनी काहीच विचारलं नाही. नुसती माझ्या पिशवीतलं सामान काढून ठेवत बसली, एकेक वस्तू, सावकाश. ते मला बघवेना. मी म्हणाले, तुमची फार आठवण काढते, आई कधी येणार म्हणून मला विचारत होती. तिनं कुत्र्याचं विचारलं. मी म्हटलं, दारातच असतं. कुत्रं दारात होतं, एवढं तरी खरं होतं.

त्या खोट्याचा मला आजही पस्तावा होतो, पण त्या दिवशी तिचा चेहरा बघितला असता तर तुम्हीही तेच केलं असतं. त्या महिन्यात तिनं गोळ्यांची बरणी केली, मिठाची पिशवी केली. दिवाळीला मी पुन्हा माहेरी गेले, पुन्हा आले, आणि पुन्हा खोटं बोलले. यावेळी जरा जास्त. एकदा बोललेलं खोटं कमी करता येत नाही. ते वाढतच जातं.

फाल्गुनात मात्र मला राहवलं नाही. मी शिवऱ्याला गेले ती सरळ आजीसमोर उभी राहिले. गूळ मागितला नाही की मीठ मागितलं नाही. म्हटलं, काकू, एका आईला तिचं पोर चार वर्षं दाखवत नाही, तुम्हाला झोप कशी लागते? दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. माझ्या आईला हे कळलं असतं तर तिनं मला घरात घेतलं नसतं.

मला वाटलं होतं ती भांडेल. मी तयारीनं गेले होते. पण तिनं गिऱ्हाइकं वाटेला लावली आणि पोत्यावर बसली. म्हणाली, तरणी बाई आहे, आज ना उद्या पाट लावील, लावावाच, पण मग पोर कुणाच्या घरात जाईल? माझा लेक गेला, त्याचं एवढंच राहिलंय. बोलताना ती पदराचं टोक चोळत होती. तिच्या बाजूनं मी हे कधी बघितलंच नव्हतं, आणि बघायचं माझ्या मनातही नव्हतं.

शेवटी ती म्हणाली, बेंदराच्या आधी एक दिवस आणते. मी स्वतः घेऊन येते, आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत नेते. कबूल असेल तर बघ. मी कबूल केलं. पोर परत गाडीत बसवून द्यायची जबाबदारी माझी, असा शब्द दिला.

घरी येऊन सांगितलं तेव्हा सासरे उठून बाहेर गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मुलगी यायच्या आदल्या दिवशी त्यांनी ओसरीवरची सगळी मडकी हलवली, दोन फळ्या धुऊन आडव्या टाकल्या, आणि म्हणाले, मांड तुझं दुकान. मी त्या सगळ्या दिवसांत कितीदा तोंड उघडलं. वन्सं, ती तुम्हाला ओळखत नाही, एवढंच सांगायचं होतं. माझ्यासारख्या फाटक्या तोंडाच्या बाईला ते जमलं नाही.

आजी आणि मुलगी आल्या सकाळच्या गाडीनं. मुलीला नवा परकर, केसाला रिबीन. ओसरीपुढं येऊन ती थांबली आणि फळ्यांकडं बघत राहिली. वन्सं खांबाला टेकून उभी होती. हात पुढं करावे की नाही, तिला समजत नव्हतं.

"हे तुमी केलंय?" मुलीनं तिला विचारलं. पाहुण्या बाईला विचारावं तसं, अदबीनं.

वन्संनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी खाली बघितलं. तिला सगळं समजलं, आणि तिनं मला त्याबद्दल पुढं आयुष्यात कधी विचारलं नाही. मुलीकडं वळून ती "व्हय" म्हणाली.

मग मुलगी फळीपाशी बसली आणि तिनं दुकान तपासायला सुरुवात केली. दुकानदाराचीच नात ती. साबणावरची ही बाई आता येत नाही, म्हणाली, आता दुसरी येते, तिचे केस बांधलेले असतात. चहाचा पुडा निळा झालाय. काडेपेटीवर घोडा बरोबर आहे. तुपाचा डबा मात्र साफ चुकलाय, आता चौकोनी येतच नाही, गोल येतो. वन्सं तिच्यासमोर बसून एकेक ऐकत होती. चार वर्षं तिनं ज्या फळ्या मनात जपल्या होत्या, त्या तिकडं कधीच बदलून गेल्या होत्या.

मग मुलगी कुत्र्यापाशी आली. त्याच्या कपाळावरचा पांढरा ठिपका तिनं बोटानं चाचपला. "हा आमचा जुना," ती म्हणाली. "गाडीखाली गेला त्यो. आता तांबडा हाय." आणि तिनं ते मातीचं कुत्रं उचलून मांडीवर घेतलं. कुत्र्याला ती विसरली नव्हती. मला वाटलं वन्संला आता रडू फुटणार. ती म्हणाली, नीट धर, कान नाजूक आहेत.

एवढ्यात सासरे उठले. गोल म्हटल्यावर त्यांना राहवलं नसणार. त्यांनी चाक फिरवलं, गोळा टाकला, आणि नातीला विचारत विचारत, इतका उंच का, इतका रुंद का, तुपाचा गोल डबा ओढला. मुलगी चाकाजवळ सरकत सरकत इतकी जवळ गेली, की तिच्या नव्या परकरावर शिंतोडे उडाले. आजी ओसरीच्या कडेला बसून होती. परकर खराब होतोय, असं ती म्हणाली नाही.

दुपारी डबा जरा घट्ट झाला. वन्सं झाकण बसवत होती, आणि त्यावरचं नवं चित्र कसं असतं ते मुलगी काडीनं मातीत काढून दाखवत होती. दोघींची डोकी एकाला एक लागली होती. काढता काढता मुलगी थांबली.

"पर तुमाला आमचं दुकान कसं ठावं?"

वन्संचे हात झाकणावरच होते. "म्या ऱ्हात व्हते तितं," ती म्हणाली. "तू तितंच झालीस. माझ्याच पोटची हायेस तू."

मुलीनं तिच्या तोंडाकडं नीट बघितलं. त्या दिवसातलं ते पहिलंच बघणं. मग तिनं विचारलं, "मग मला तितं ठिवून तुमी हितं का आला?"

उत्तर वन्संपाशी होतं. चार वर्षं ते तिनं घोळवलं असणार. समोर आजीच बसलेली होती, आणि नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. पण ती बोटांतली माती काढत राहिली. माझ्या जिभेवर शब्द आले होते, आणि मी ते टाकणारच होते, तेवढ्यात आजी बोलली.

"म्या धाडली तिला," आजी म्हणाली. "म्हैन्याची म्हणून धाडली, आन् न्यायला कुणाला धाडलंच न्हाई. ती आपून न्हाई आली, पोरी."

सासरे दुसरा गोळा लावून बसले होते, त्यांनी फिरणारं चाक हातानं थांबवलं. मुलगी आजीकडं बघत राहिली, मग वन्संकडं. मग ती पुन्हा खाली वाकली आणि अर्धं राहिलेलं चित्र पुरं करायला लागली. पण आता ती वन्संच्या गुडघ्याला टेकून बसली होती. थोड्या वेळानं काडी हातातून गळली, आणि ती तशीच, मातीच्या हातांनी, वन्संच्या मांडीवर झोपली. वन्सं हलली नाही. तिच्या पायाला मुंग्या आल्या असतील, तरी ती तासभर तशीच बसून होती.

गाडीची वेळ झाली. शब्द माझा होता, म्हणून मीच पुढं होऊन मुलीला उचलायला वाकले. आजीनं माझं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. आठ दिवसांनी येते, म्हणाली, न्यायला. दोघींना न्यायला. सासऱ्यांकडं बघून तिनं ते म्हटलं, आणि सासऱ्यांनी हात जोडले.

मी तिला रस्त्यापर्यंत पोचवायला गेले. तोवर माझ्या मनात तिच्याबद्दल रागच होता. चालताना बघितलं, तर ती एका बाजूनं हात जरा पुढं धरून चालत होती, पोराचं बोट धरल्यावर धरतात तसा. गाडी आली. ती चढून खिडकीपाशी बसली. कंडक्टर दारातच तिकिटं फाडत होता.

"एक फुल, एक हाफ, शिवरे," ती म्हणाली. मग जरा थांबली. "न्हाई. एकच."